तीन रविवारचं मौन

केळीचा लोंगर उतरवून झाला की उरलेला बुंधा वाडीतच आडवा पाडतात, आणि मग पुढचे पंधरा-वीस दिवस तो आपल्याच पाण्यात हळूहळू विरघळत राहतो. त्याला एक वास असतो, गोडसर, आंबूस, थोडासा कोमट. निर्मळ गावाच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो वेगळा असा जाणवतही नाही. सोनचाफा, शेणखत, पाटातलं पाणी आणि हा कुजणारा बुंधा मिळून जी संमिश्र हवा होते, तिलाच आम्ही घर म्हणतो. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, सकाळचं ऊन कौलांवरून अजून पुरतं खाली आलं नव्हतं तेव्हा, इजाबेलमावशीच्या खोलीत पेटवलेल्या मेणबत्तीच्या आणि पेल्यातल्या निशिगंधाच्या खालून तसाच एक वास मला आला, आणि मी स्वतःला सांगितलं की मागच्या दारी केळीचा बुंधा पडला असेल. मागच्या दारी केळ नव्हती. तिथे सिमेंटचा कोबा होता आणि कपडे वाळत घालायची दोरी होती. हे मला पाठ होतं, कारण ते दार माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उघडतं.

मी शाळेत मराठी शिकवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. बोलणं हा माझा व्यवसाय असला तरी स्वतःविषयी बोलणं मला कधी जमलं नाही, आणि गावाने त्यालाच माझा सात्त्विकपणा मानलं. त्या भांडवलावर आठ वर्षांपूर्वी फादरांनी मला आजाऱ्यांच्या सेवेत घेतलं. म्हणजे असं, की जे अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांना चर्चपर्यंत येणं शक्य नाही, त्यांच्या घरी दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या सकाळच्या दुसऱ्या उपासनेनंतर, कम्युनियन पोहोचवायचं. वेदीजवळ फादर एक छोटी सोनेरी डबी हातात देतात. आत ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीच्या चार शुभ्र चकत्या. डबी पांढऱ्या कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, आणि तिथून पुढे मौन. वाटेत कुणी भेटलं तरी थांबायचं नाही, विचारपूस करायची नाही, आजाऱ्याच्या घरीही प्रार्थनेपलीकडे शब्द काढायचा नाही. हा नियम इतक्या कडकपणे कुठे लिहिलेला नाही, पण जुन्या माणसांनी आम्हाला असाच शिकवला. गावालाही तो ठाऊक असतो. शर्टावर पांढरी पिशवी दिसली की गप्पा थांबतात, सायकलवरचा माणूस खाली उतरतो, कुणी क्रूसाची खूण करतं. शेवटच्या घरी डबी रिकामी झाली की मौन सुटतं. मग तुम्ही पुन्हा साधे शेजारी होता, आणि त्या घरी बसावं लागतं, दुखणंखुपणं ऐकावं लागतं, चहा घ्यावा लागतो.

माझ्याकडे चार घरं होती आणि त्यांचा क्रम ठरवणं माझ्या हातात होतं. इजाबेलमावशीचं घर माझ्या घरापासून पंचवीस पावलांवर. चर्चपासून निघून एकेक घर करत परतताना ते साहजिकच शेवटी यायला हवं. मी ते पहिलं ठेवलं होतं. चर्चवरून थेट स्वतःच्या दारापर्यंत यायचं, मावशीला कम्युनियन देऊन पुन्हा उलट तीन वळणं घ्यायची आणि शेवट करायचा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी, जिथे पंखा, वर्तमानपत्र आणि वेलचीचा चहा असे. माझी स्कूटर कोणत्या वाटेने जाते हे कुणी एकदा नीट पाहिलं असतं तरी सगळं उघड झालं असतं. कुणी पाहिलं नाही. छातीवर देव असलेल्या माणसाला तू असा वाकडा का चाललास, हे विचारायचं कोण?

तिच्यापाशी बसायचं मी का टाळत होतो, हे आता लिहायला हरकत नाही. अकरा वर्षांपूर्वी माझी आई सात महिने अंथरुणात होती. माझ्या बायकोची तेव्हा पाठीची शस्त्रक्रिया झालेली, तिला वाकायची मनाई. त्या सात महिन्यांत रोज सकाळी इजाबेलमावशी आमच्याकडे यायची, आईला पुसायची, कपडे बदलायची, तिची वेणी घालायची. किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यात जन्मलेली, आमच्या बागायती गावात सून म्हणून आलेली ही बाई आमच्या नात्यातली नव्हती. आणि मी, आईचा एकुलता एक मुलगा, त्या वेळी ओट्यावर बसून सहामाहीचे पेपर तपासत असायचो. आतून पाण्याचा आवाज यायचा. मी लाल पेन चालवत राहायचो. तीच मावशी लकव्याने खाटेला टेकली तेव्हा तिच्यासमोर मोकळ्या तोंडाने बसायचं म्हणजे त्या पाण्याच्या आवाजाविषयी काहीतरी बोलावं लागलं असतं, असं मला वाटे. गळ्यात डबी असली की ते बोलावं लागत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी वास अधिक स्पष्ट होता. तो मेणबत्तीच्या वर चढून बसला होता. मी प्रार्थना थोड्या घाईने म्हटली. मावशीची सून रेजिना खोलीच्या दारात पदर सावरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कारण तिला काहीच येत नव्हतं. महामारीच्या वर्षी तिला ताप आला आणि तापाबरोबर तिची घ्राणशक्ती गेली, ती परत आलीच नाही. दूध उतू गेलेलं तिला वासावरून कळत नाही, अंगणातला चाफा फुलला की नाही हे ती मान वर करून बघते. हे सगळं तिने माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोने मला. त्या घरात नाक असं एकट्या माझंच होतं, आठवड्यातून सहा मिनिटं. मावशी स्वतः त्या वासाच्या आत राहत होती, तिला तो कसा कळणार? रेजिना स्टेशनच्या पूर्वेकडे औषधी गोळ्यांच्या पाकिटांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, पहाटे अंधारात सासूचं करून निघते. पाठीवर लाली दिसली ती तिला घामोळं वाटली, आणि ऑक्टोबरचा उकाडा असा, की तिने पावडर लावली. नवरा जहाजावर. विचारायचं कुणाला, आणि सांगणार कोण?

तिसऱ्या रविवारी रेजिनाही दुसऱ्याच मिस्साला गेली होती, पायी येणारी ती अजून परतायची होती. दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा ग्लास, सगळं तिने मांडून ठेवलं होतं. मी मेणबत्ती पेटवली, प्रार्थना म्हटली, मावशीच्या जिभेवर कम्युनियन ठेवलं, पाणी पाजलं. मग तिने माझी मनगटाशी बाही धरली.

“मना जरा कुशीवर कर रं, बाला. पाठ जलते.”

डबीत अजून तिघांचा वाटा होता. मी डाव्या हाताने पिशवीला स्पर्श केला आणि मान हलवली. बोललो नाही. इतकंच केलं. ती एक क्षण माझ्या छातीकडे बघत राहिली, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने बाही सोडून चांगला असलेला एक हात कपाळाला लावला.

“चुकलं माजं, देवा,” ती म्हणाली.

मी निघालो. तिन्ही घरं केली. मुख्याध्यापकांकडे चहा घेतला, त्यांनी नव्या अभ्यासक्रमाविषयी विचारलं तेव्हा बराच वेळ बोललो. घरी येताना तिच्या दारावरून गेलो, गळ्यातली पिशवी तेव्हा रिकामी होती. रेजिनाची चप्पल दारात होती, ती परतली होती. एक वाक्य पुरे झालं असतं. मी मनाशी म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. मग झोपलो.

गुरुवारी मावशीला ताप भरला आणि तिला दवाखान्यात हलवलं. तिथे तिला कुशीवर वळवल्यावर जे दिसलं त्याचं वर्णन रेजिनाने कुणाजवळ केलं नाही, पण डॉक्टरांनी तिला सर्वांदेखत जे विचारलं ते मात्र गावात पोहोचलं. घरात माणसं राहतात की नाही, असं काहीसं. ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा महिना, दर संध्याकाळी वाडीतल्या एकेका घरी जमून जपमाळेची प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थना संपल्यावर चणे वाटताना रेजिनाचा विषय निघायचा. सुनेने सासूला कुजवली, इथपर्यंत बोलणं गेलं. एक बाई म्हणाली, पावडर मारत होती म्हणे, सासू म्हणजे काय कॅरमबोर्ड आहे? सगळे हसले. प्रार्थना मी चालवत होतो, जपमाळ अजून माझ्या बोटांत होती, आणि मीही ओठांच्या कोपऱ्यात हसलो. ते हसू मला आज स्वच्छ आठवतं. एखाद्या परक्या माणसाचं छायाचित्र आठवावं तसं.

त्या शनिवारी मी कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेलो. जाळीपलीकडे फादरांचा कान होता. मी म्हटलं, शेजारधर्मात कमी पडलो. वाक्य शुद्ध होतं, खोटंही नव्हतं. त्यांनी धीराचे दोन शब्द सांगितले, एक प्रार्थना म्हणायला दिली, पापक्षमेचे शब्द उच्चारले. मी गुडघ्यांवर बसून ती प्रार्थना म्हटली आणि मोकळं वाटण्याची वाट बघत राहिलो. संध्याकाळचं तांबूस ऊन रंगीत काचांतून बाकांवर पडलं होतं, ते सरकत सरकत भिंतीवर गेलं, मग विझलं. मला काही वाटलं नाही. वाईटही नाही. दाताला भूल दिल्यावर गालाला हात लावला की तो दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं.

नोव्हेंबरच्या मध्यावर मावशी घरी आली. पाठीच्या खालच्या टोकाला तळहाताएवढी जखम होती. आचोळ्याहून सविता नावाची बाई सकाळी आठ ते एक यायला लागली. मूळची कोकणातली, चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं दवाखान्यातून सांगितलेलं. सविता एकला जाणार, रेजिना कारखान्यातून चारला येणार, मधले तीन तास उघडे. एके दिवशी सविताने कुंपणापलीकडून मला हाक मारली. शाळा सकाळची, म्हणजे सर दुपारी मोकळेच ना, मग या की, असं तिने सरळ सांगितलं. माझ्या मनाची काय अवस्था आहे, मी त्यासाठी योग्य आहे का, असले प्रश्न तिला पडले नाहीत.

मी मावशीच्या खांद्याला आणि कमरेला धरलं तर ती विव्हळली. सविताने माझे हात बाजूला केले. “सर, पोराचा दंड धरल्यासारखं नका धरू, बोटं रुततात. माणूस ओढायचाच नाही. चादर ओढायची, माणूस आपसूक येतो.” अंगाखालची दुहेरी घडीची चादर दोन्ही मुठींत गुंडाळायची, आपला गुडघा खाटेला टेकवायचा, आणि श्वास सोडत स्वतःकडे घ्यायचं. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. तिसऱ्या दिवशी मला ते जमलं. छप्पन्नाव्या वर्षी मी एक गोष्ट शिकलो, ती एवढीच.

मग दुपारी एक ते चार मी तिथे असायला लागलो. गळ्यात काही नसायचं. आता बोलायला मोकळीक होती आणि बोलायला काही नव्हतं. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हाची एक पट्टी खिडकीतून खाटेवर यायची, वाडीत पंप चालू असायचा, पाट भरत असायचे, दूरवर कुणीतरी नाताळच्या गोठ्यासाठी बांबू फोडत असायचं. मी घड्याळ बघून चादर धरायचो. जखम दिसायची, तिचे काठ गुलाबी, मधला भाग राखाडी, आणि सविताच्या शब्दांत सांगायचं तर ती ‘आतून भरत येत होती’. माझ्या आत मात्र करुणा उचंबळत नव्हती, मावशीच्या जागी प्रभूचं दर्शनही होत नव्हतं. आजाऱ्याची सेवा म्हणजे ख्रिस्ताचीच सेवा, हे मी प्रार्थनागटात कितीदा समजावून सांगितलं होतं. त्या खोलीत मला एक म्हातारी बाई दिसायची आणि एक चादर. हात काम करायचे, मी बाजूला उभा राहून बघत असल्यासारखा.

एकदा माझं नाक आक्रसलेलं मावशीने पाहिलं असावं. तिची जीभ अजून जड होती, पण बोलणं सुटं झालं होतं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, तुला वास मारतो ना, मारू दे. आणि पुढे:

“तुज्या आयशीकडं येताना मी नाकाखाली मिशेरी फासायची. नायतर मना उलटी व्हायची. तुजी आय लय कुरकुरी व्हती, बाला. एक दिस जावंसं वाटायचं नाय.”

मी विचारलं, मग यायचीस कशाला? तिने चांगल्या हाताने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, सकाळ झाली की यायची. दुसरं कोन व्हतं?

अकरा वर्षं मी त्या बाईला संतपदावर बसवलं होतं आणि त्या उंचीमुळेच तिच्याकडे बघायचं टाळत आलो होतो. ती तर नाकाखाली तंबाखूची राख लावून, कंटाळत, माझ्या आईला मनातल्या मनात शिव्या देत यायची, आणि रोज यायची. तिच्यात आणि माझ्यात फरक प्रेमाचा नव्हताच. वास तिलाही आला होता. ती उंबरठा ओलांडून आत आली, मी ओलांडून बाहेर पडलो.

जानेवारीच्या अखेरीस, एका दुपारी रेजिना लवकर परतली होती. मागच्या दारी कोब्यावर बसून ती भिजवलेले वाल सोलत होती आणि मी निघण्याच्या तयारीत होतो. फेब्रुवारीत आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास मिस्सा असते, आणि तिच्या शेवटी सेवा करणाऱ्या एखाद्याचा सत्कार. रेजिना मान खाली घालून म्हणाली की तिने फादरांकडे माझं नाव दिलं आहे, फादरांनी होकार दिला आहे, शाल देणार आहेत, आणि सरांनी आता नाही म्हणू नये. मग जरा हसून म्हणाली, “मला तर गावाने पदवी दिलीच आहे. तुम्हाला निदान चांगली मिळू दे.”

मी कोब्याच्या कडेवर बसलो आणि तिला सांगितलं. पहिला रविवार, दुसरा, तिसरा. घरांचा क्रम. मावशीने धरलेली बाही आणि मी डबीवर ठेवलेला हात. परतताना दारात दिसलेली तिची चप्पल. रोझरीच्या संध्याकाळचं ते हसू. मी सावकाश, वर्गात उतारा वाचावा तसं सगळं सांगितलं, आवाज कुठे कापला नाही. मधेच तिचे हात थांबले. एक वाल तिच्या चिमटीत अर्धा सोललेला राहिला.

“मला वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

तिने तो वाल सोलून भांड्यात टाकला. मग दुसरा. बोलली ती माझ्याशी नव्हे, भांड्याशी बोलल्यासारखी. नवऱ्याला फोनवर तिने सांगितलं होतं की चूक तिची. दोन महिने तो तिच्याशी धड बोलला नव्हता. आणि इतके दिवस ती एकाच गोष्टीवर तग धरून होती, की सर दर रविवारी येतात, शिकलेले आहेत, देवमाणूस आहेत, त्यांनासुद्धा कळलं नाही म्हणजे ते कळण्यासारखं नसेलच.

मी म्हटलं, फादरांना सांगून नाव काढून घेतो. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते.

“नाव राहू दे,” ती म्हणाली. “शाल देताना हातात माईक देतात. सगळ्या बायका असतील. तेव्हा सांगा.”

मग ती उठली, हात पदराला पुसले, चार वाजल्याचं म्हणाली आणि आत गेली. मीही गेलो. ती खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. चादरीच्या घड्या आम्ही मुठींत घेतल्या आणि एकमेकांकडे न बघता मावशीला वळवलं. तिने मला माफ केलं असं मला वाटत नाही; तिने तसं म्हटलं नाही, मी विचारलं नाही. पण जाळीपलीकडे मिळालेल्या क्षमेपेक्षा हे न मिळालेलं काहीतरी अधिक वजनदार आहे, एवढं समजतं. ते मी रोज दुपारी तिथे घेऊन जातो आणि परत घेऊन येतो.

तो रविवार परवा आहे. बोलायचं ते पाठ करून जाऊ नये, असं ठरवलं, कारण पाठ केलेली वाक्यं माझ्या तोंडात फार शुद्ध होतात. म्हणून इथे एकदा सगळं लिहून काढलं, अशुद्ध राहील तेवढं राहू दिलं. बायकोला वाचून दाखवलं. तिने माझा पांढरा शर्ट इस्त्रीला काढून ठेवला. चर्च भरलेलं असेल, पुढच्या दोन रांगांत चाकाच्या खुर्च्या असतील, रेजिना नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूला खांबाशी बसेल. भीती वाटायला हवी, पण तीही नीटशी वाटत नाही. शाल खांद्यावर पडायच्या आधी बोलायचं की नंतर, एवढंच अजून ठरत नाही.